चारशे लेकरांची ऑनलाइन कोडिंग स्पर्धा: कॉपी रोखायची कशी?

परभणीच्या एका तरुण प्राध्यापकांनी विचारलंय: "आमच्या कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या चारशे विद्यार्थ्यांची ऑनलाइन प्रोग्रॅमिंग स्पर्धा आहे. मागच्या वेळी पहिल्या वीसातल्या निम्म्या जणांचे कोड एकसारखे निघाले आणि बक्षीस समारंभच रद्द करावा लागला. या वेळी कॅमेरा सक्तीचा करावा का? कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किती टक्क्यांच्या वर दोषी धरायचं? आणि चॅटजीपीटीचं काय करायचं?"

सर, मी नांदेडला सोळा वर्षं शिकवतेय आणि त्यातली बारा वर्षं अशा स्पर्धा भरवतेय. आधी थोडक्यात सांगते. घरून होणाऱ्या स्पर्धेला कॅमेरा नको. टक्क्यांवरून कुणालाही दोषी धरू नका. आणि चॅटजीपीटी रोखता येणार नाही असं धरूनच आखणी करा. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: कोड कुणाच्या कोडसारखा दिसतो यापेक्षा तो पाठवणाऱ्या लेकराला कळलाय का, हे तुम्हाला तपासायचंय, आणि ते समोर बसवून विचारल्याशिवाय कळत नाही.

कॅमेरा आधी घेते, कारण प्रत्येक नव्या आयोजकाला पहिल्यांदा तोच सुचतो. २०१० च्या सुमारास श्रीकर परदेशी आमचे जिल्हाधिकारी असताना नांदेड जिल्ह्यात दहावी-बारावीची कॉपीमुक्तीची मोहीम झाली. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. परीक्षा केंद्र ही ठरलेली जागा असते, तिथे पथक बसवता येतं, खिडकीखाली पोलीस उभा करता येतो. तुमच्या स्पर्धेत चारशे घरं म्हणजे चारशे केंद्रं आहेत. कॅमेरा लेकराचा चेहरा दाखवतो, लॅपटॉपच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेला दुसरा मोबाइल दाखवत नाही. त्रास मात्र भलत्यालाच होतो. आम्ही एकदाच कॅमेरा लावला होता. ज्यांच्या नावापुढे लाल खुणा लागल्या त्यातले बहुतेक जण गावाकडून बसलेले होते: लाईट गेली, हॉटस्पॉट तुटला, अंधारात चेहरा दिसेना. एका मुलीच्या नोंदीत "दुसरी व्यक्ती आढळली" असं होतं. चित्रफीत उघडून बघितली तर तिची आजी चहाचा कप ठेवायला आली होती. आणि २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे हेही ध्यानात असू द्या. पॉलिटेक्निकची आणि पहिल्या वर्षाची लेकरं घेतलीत तर त्यातली कितीतरी सतरा वर्षांचीच असतात.

पडद्यावर दुसरं काही उघडू न देणारे ब्राउझर मिळतात. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाचा सेफ एक्झाम ब्राउझर तर फुकट आहे. लॅबमध्ये जरूर वापरा. घरी त्याचा उपयोग नाही, कारण दुसऱ्या मोबाइलचा प्रश्न तसाच राहतो.

खरी मेहनत प्रश्न काढण्यात घाला. बहुतेक कॉलेजांत एखाद्या मोठ्या साइटवरचा प्रश्न उचलतात, ॲलिसच्या जागी राम आणि सफरचंदाच्या जागी आंबा करतात, आणि प्रश्न नवा झाला असं समजतात. लेकरं गोष्ट वाचतच नाहीत. ती प्रश्नाच्या शेवटी दिलेल्या आकड्यांच्या मर्यादा आणि नमुना इनपुट वाचतात आणि तेच शोधतात. दोन मिनिटांत मूळ प्रश्न हाती लागतो.

मी मधल्या पातळीच्या प्रत्येक प्रश्नाची जुळी भावंडं करते, म्हणजे दिसायला सारखे पण उत्तर वेगळं असणारे दोन प्रश्न, काही लेकरांना एक आणि काहींना दुसरा. एक उदाहरण देते. लातूरच्या बाजारात तुरीचा व्यापार करणाऱ्याचा रोजचा नफा-तोटा दिलाय. सलग काही दिवस असे निवडायचे, की एकूण नफा जास्तीत जास्त व्हावा. आकडे ४, −३, ५ असतील तर तिन्ही दिवस घ्यायचे, उत्तर ६. हा पहिला संच. दुसऱ्या संचात एकच वाक्य जास्त: निवडलेल्या दिवसांपैकी हवा तर एक दिवस वगळता येईल. आता −३ वगळला की उत्तर ९. दोन्ही प्रश्न कदानेच्या पद्धतीनंच, म्हणजे चालू बेरीज पुढे नेत नेत, सुटतात, पण दुसऱ्यात चालू बेरजा दोन ठेवाव्या लागतात, एक काही न वगळता आणि एक वगळून. नमुना इनपुटमध्ये सगळे आकडे धन द्यायचे, म्हणजे दोन्ही संचांत नमुन्याचं उत्तर एकच येतं आणि वरवर बघणाऱ्याला फरक कळत नाही. प्रश्नातली अट मात्र ठळक अक्षरात छापा. प्रामाणिकपणे वाचणाऱ्याची फसगत होता कामा नये.

एका स्पर्धेत पहिल्या संचाच्या एका मुलानं पाठवलेल्या कोडमध्ये दोन बेरजा होत्या आणि दुसरीच्या व्हेरिएबलचं नाव 'स्किप' होतं. त्याच्या प्रश्नात वगळण्याचा विषयच नव्हता. जजनं, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या प्रणालीनं, उत्तर चूक दिलं. त्यानं तोच कोड, एक अक्षर न बदलता, आणखी तीनदा पाठवला. मग पंधरा मिनिटं शांतता, आणि पुन्हा तोच कोड, या वेळी 'स्किप'चं नाव बदललेलं. जुळ्या प्रश्नांचा हाच फायदा आहे: कॉपी करणाऱ्याला त्यातून गुणच मिळत नाहीत, म्हणजे तुम्हाला त्याच्या मागे धावावंही लागत नाही.

घरून होणाऱ्या फेरीला वेळ दोन तासांच्या वर देऊ नका. पूर्वी कोडशेफ या स्पर्धांच्या साइटवर दहा दिवस चालणारी स्पर्धा असायची. शिकायला ती फार छान होती, पण दहा दिवसांत कोड कुठून कुठे फिरतो यावर कुणाचा ताबा राहत नाही.

आता सॉफ्टवेअर. चारशे जणांच्या एका प्रश्नाच्या ७९,८०० जोड्या होतात, त्या डोळ्यांनी बघणं शक्य नाही, म्हणून यंत्र लागतंच. सगळ्यात जुनं आणि नावाजलेलं म्हणजे मॉस, ॲलेक्स एकन यांनी १९९४ मध्ये केलेलं. त्याला कोड स्टॅनफर्डच्या सर्व्हरवर पाठवावे लागतात. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या विद्यापीठात तयार झालेलं जेप्लॅग तुमच्याच संगणकावर चालतं. मी तेच वापरते, कारण लेकरांचे कोड बाहेर जात नाहीत.

मॉस काय करतं ते कळलं की टक्क्यांची भीती आणि टक्क्यांवरचा आंधळा विश्वास, दोन्ही जातात. कोडमधल्या मोकळ्या जागा, कॉमेंट आणि व्हेरिएबलची नावं गाळली की फक्त सांगाडा उरतो: इथे लूप, इथे अट, इथे बेरीज. त्या सांगाड्याचे ठरावीक लांबीचे, एकमेकांवर चढलेले तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याला एक आकडा देतात, आणि शेजारशेजारच्या काही आकड्यांतला सगळ्यात लहान आकडा ठसा म्हणून ठेवतात. दोन कोडचे ठसे किती जुळतात ते मोजायचं. म्हणून नावं बदलून किंवा फंक्शन वर-खाली सरकवून कुणी सुटत नाही. पण याच कारणानं पंधरा ओळींच्या सोप्या प्रश्नात सगळ्या वर्गाचे सांगाडे जुळतात, कारण तो प्रश्न लिहायची पद्धतच एक आहे. सोपे दोन प्रश्न तपासणीतून सरळ वगळा. साठ-सत्तर ओळींच्या प्रश्नात ६० टक्के साम्य दिसलं तर मी दोन्ही कोड शेजारी उघडून बसते. पंधरा ओळींत ९५ टक्के दिसलं तरी पुढे जाते.

उघडल्यावर चुका बघते. बरोबर कोड दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकतो, तीच चूक त्याच जागी होणं फार अवघड. एकदा देगलूरच्या आणि हदगावच्या दोन मुलांच्या कोडमध्ये 'लेंग्थ' या इंग्रजी शब्दाची शेवटची दोन अक्षरं उलटी लिहिलेली होती, एक 'फ्लॅग' दोघांनीही घोषित करून कुठेच वापरलेला नव्हता, आणि ॲरेचा आकार दोघांकडे १,००,०१३ होता. दोघांनी एकमेकांना आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. कोड टेलिग्रामच्या एका ग्रुपवरून आला होता, आणि लिहिणारा तिसराच होता.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती तुमच्या हातून होऊ नये असं मला मनापासून वाटतं. काही वर्षांपूर्वी अहमदपूर तालुक्यातल्या एका मुलीचा कोड दुसऱ्या एका मुलाच्या कोडशी ९४ टक्के जुळला. प्रश्न सेगमेंट ट्रीचा होता, म्हणजे आकड्यांच्या बेरजा झाडासारख्या मांडून ठेवायच्या पद्धतीचा, कोड नव्वदएक ओळींचा. एवढ्या लांब कोडमध्ये इतकं साम्य म्हटल्यावर मी तिला बाद केल्याचा ईमेल पाठवला. तिसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन एसटीनं नांदेडला आली. वही उघडून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, वरचा टेम्प्लेट सगळ्यांचाच आहे, दादांनी क्लासमध्ये दिलेला. खालच्या अकरा ओळी माझ्या आहेत." मी बघितलं. वरचा भाग टेम्प्लेट, म्हणजे आधीच तयार असलेला कोडचा साचा होता, आणि खालच्या अकरा ओळी खरंच वेगळ्या होत्या, आणि वहीत पेन्सिलीनं काढलेलं झाड होतं, प्रत्येक गाठीवर बेरीज लिहिलेली, दोन ठिकाणी खोडून दुरुस्त केलेली. मी तिची आणि तिच्या वडिलांची माफी मागितली, यादीत तिचं नाव परत घातलं. बक्षीस तोवर वाटून झालं होतं. तिनं पुन्हा कधी आमच्या स्पर्धेत नाव नोंदवलं नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. स्पर्धेच्या आठवडाभर आधी सगळ्यांना आपापले टेम्प्लेट जमा करायला सांगते आणि ते जेप्लॅगला मूळ कोड म्हणून देते, म्हणजे तुलनेत तेवढा भाग धरला जात नाही. आणि व्हायवा, म्हणजे समोर बसवून तोंडी परीक्षा, झाल्याशिवाय एकाही लेकराला बाद करत नाही.

हा व्हायवा कसा घेता यावर तुमची स्पर्धा उभी राहील किंवा पडेल. पहिल्या तीस जणांचा सरसकट घ्या, संशय असो वा नसो. फक्त संशयितांना बोलावलं की बोलावणं हाच आरोप होतो आणि हॉस्टेलभर चर्चा होते. निकाल लावतानाच "तात्पुरता" असं लिहा. प्रत्येकाला सात-आठ मिनिटं पुरतात. त्याचा कोड पडद्यावर उघडायचा आणि विचारायचं: ही ओळ काढली तर कोणत्या इनपुटला उत्तर चुकेल? आकडे दहा लाख केले तर वेळेत बसेल का? हा लूप एकपासून का सुरू केलास? आणि शेवटी जुळ्या भावंडातली अट सांगून, "आता यात काय बदलशील?" स्वतः लिहिलेल्याला उत्तर नेहमी येतंच असं नाही, पण तो आपल्या कोडमध्ये कुठे बघायचं हे जाणतो. त्याची नजर नेमक्या ओळीवर जाते. दुसऱ्याचा कोड आणलेला वरून खाली वाचायला लागतो.

मराठीत विचारा, आणि उत्तर मराठीतच चालेल असं आधी सांगा. आमच्याकडची पुष्कळ लेकरं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात, इंग्रजीत प्रश्न आला की बोलतीच बंद होते आणि परीक्षकाला वाटतं याला येत नाही. एक मुलगा माझ्यासमोर दोन मिनिटं खाली मान घालून गप्प बसला होता. मी कागद-पेन पुढे सरकवलं. त्यानं चौकटी काढल्या, आकडे भरले, एक बाण डावीकडून आणि एक उजवीकडून आणला आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे टिंब दिलं. एक शब्द न बोलता सगळं समजावलं. म्हणून कागद कायम ठेवा, आणि परीक्षक दोन असू द्या, त्यातला एक प्रश्न न काढलेला.

सर्व्हरच्या नोंदीही बघा, पण पुरावा म्हणून नको, कुणाला काय विचारायचं हे ठरवायला. खरं सोडवणाऱ्याच्या नोंदीत धडपड दिसते: चूक, वेळ संपली, पुन्हा चूक, बरोबर. तासभर काहीच नाही आणि मग चार मिनिटांत तीन अवघड प्रश्न बरोबर, असं दिसलं की व्हायवाला पहिला प्रश्न त्यावर. दोघांचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, एक निघाला म्हणून घाबरू नका. हॉस्टेलचं वायफाय असो की मोबाइलचं नेट, शेकडो जण बाहेरून एकाच पत्त्यामागे दिसू शकतात. एका झटक्यात ऐंशी ओळी पेस्ट झाल्या म्हणूनही नाही. नेट धड नसतं म्हणून शहाणी लेकरं आपल्याच एडिटरमध्ये लिहून मग चिकटवतात.

आता ज्या गोष्टीबद्दल कुठल्याच नियमावलीत काही नसतं ती सांगते. आपल्याकडे कोड चोरीला क्वचितच जातो, तो मागितला जातो. हॉस्टेलचा दादा ज्युनियरला फोन करतो, "अरे, तिसऱ्याचा पाठव ना." हाच दादा पहिल्या वर्षी त्याला बसस्टँडवरून घेऊन आलेला असतो, मेसचं खातं काढून दिलेलं असतं. एका मुलानं व्हायवाच्या वेळी डोळ्यांत पाणी आणून मला सांगितलं, "म्याडम, दादाला नाही कसं म्हणू? उद्या त्याच्याच रूमवर राहायचंय." त्याला आणि मागणाऱ्याला एकच शिक्षा देणं मला पटत नाही. आता नियम असा केलाय: निकालाआधी स्वतःहून सांगितलं तर फक्त त्या प्रश्नाचे गुण जातील, स्पर्धेतलं नाव राहील. लपवलं आणि व्हायवात कळलं तर दोघेही बाद. शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला वेगळे प्रश्न द्या. मग दादाला मागण्यासारखं काही राहत नाही, आणि ज्युनियरला "आमचा पेपरच वेगळा आहे, दादा" असं म्हणता येतं. आपण त्या लेकराला नाही म्हणायची वाट करून द्यायला हवी.

कोड नकळत बाहेर जाण्याचा एक प्रकारही आधी समजावून सांगा. आयडिओनसारख्या साइटवर मुलं कोड चालवून बघतात आणि तो सगळ्यांना दिसेल अशा स्थितीत राहतो. कोडफोर्सेस ही स्पर्धांची मोठी साइटसुद्धा अशा वेळी जबाबदारी लिहिणाऱ्याचीच धरतं.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, तेव्हा आम्ही म्हणायचो की प्रश्न अवघड काढले की झालं. ते आता विसरा. सप्टेंबर २०२५ मध्ये अझरबैजानमधल्या बाकूला आयसीपीसी या महाविद्यालयीन संघांच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेची जागतिक अंतिम फेरी झाली, तिच्या १२ प्रश्नांपैकी चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या प्रणालीनं १२ आणि गुगलच्या प्रणालीनं १० सोडवले. तुमच्या-माझ्या प्रश्नांची काय कथा. कोडफोर्सेसनं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पर्धेतल्या एआयच्या वापरावर नियम आणला. तुम्हीही साध्या मराठीत लिहा: भाषेची अधिकृत माहिती चालेल, स्वतःचे जुने कोड चालतील, छापील वही चालेल, एआयची आणि दुसऱ्या माणसाची मदत चालणार नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तुमचे सगळे प्रश्न तीन-चार एआयना स्वतः घाला, प्रत्येकाकडून दोन-तीन उत्तरं घ्या आणि ती जेप्लॅगच्या ढिगात टाका. कुणाचा कोड त्यांच्याशी जुळला तर तो विद्यार्थी व्हायवाच्या यादीत आला, एवढंच समजा. "हा कोड एआयनं लिहिलाय" असं टक्क्यात सांगणाऱ्या साइटवर विसंबू नका. नीटनेटका लिहिणाऱ्या मुलालाही त्या अडकवतात. प्रश्नात पांढऱ्या अक्षरात एआयसाठी छुपी सूचना घालायची युक्ती काही जण वापरतात, ती मी वापरत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याचं पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ती मोठ्यानं वाचून दाखवतं.

आणि ऑनलाइन फेरीला रोख बक्षीस ठेवूच नका. तिचं काम फक्त अंतिम फेरीसाठी चाळीस-पन्नास जण निवडणं. प्लेसमेंट सेललाही सांगा की ऑनलाइनचा रँक बायोडेटात धरू नये. मागच्या वर्षी तुमच्या मुलांनी कॉपी केली त्याच्या मागे बक्षिसाची रक्कम किती आणि तो रँक किती, याचा एकदा विचार करा.

अंतिम फेरी लॅबमध्ये घ्या. डोमजज हा कोड तपासणारा जज फुकट आहे, आयसीपीसीच्या जागतिक फेरीतही वापरतात. तो एका संगणकावर बसवा, बाकी मशीन लॅनवर, म्हणजे लॅबमधल्या आतल्या जाळ्यावर, जोडा, बाहेरचं नेट काढून टाका, मोबाइल बाहेर टोपलीत. तीन जणांचा संघ आणि एकच संगणक हा आयसीपीसीचा नियम आपल्याला दुप्पट सोयीचा आहे: पन्नास जणांना सतरा मशीन पुरतात, आणि तिघांना एकमेकांशी बोलावंच लागतं, तेही उघडपणे. त्यांच्या जागतिक फेरीत संघाला २५ पानांची छापील टिपणं नेता येतात, तुम्ही दहा पानं ठेवा. यूपीएस आदल्या दिवशी लोड टाकून तपासा, लेबल बघून नाही. आणि फेरी सकाळी साडेदहाला सुरू करून दीडला संपवा, व्हायवा धरून साडेतीनपर्यंत सगळं आटोपलं पाहिजे. जिंतूर, गंगाखेड, पाथरीच्या मुलींना उजेडात घरी पोचवणारी एसटी मिळाली पाहिजे. संध्याकाळी सहाला संपणारी स्पर्धा ठेवली की मुलींची नावं यादीतून आपोआप गळतात, हे मी दोन वर्षं बघितलंय.

तुम्ही तारीख लिहिलेली नाही, पण तीन आठवडे हाताशी असतील तर पहिले दोन आठवडे जुळे प्रश्न काढण्यात घाला. मसुदा झाला की मला पाठवा, उत्तरं न पाठवता. मी आणि माझे दोन माजी विद्यार्थी ते घड्याळ लावून सोडवतो आणि कोणत्या जोडीतला फरक नमुन्यावरूनच उघडा पडतो ते कळवतो.